दिल्लीतली स्मारकं तीन दिवसांत: जोडून आलेल्या सुट्टीची फेरी आणि सोमवारचा घोळ

घरच्यांना घेऊन पहिल्यांदा दिल्लीला गेलो तेव्हा शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती. शनिवारी बाजार, रविवारी कुतुबमिनार आणि लाल किल्ला शेवटी निवांत, असा बेत मोठ्या ऐटीत आखला होता. सोमवारी सकाळी सगळी वरात किल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली, तर दार बंद. ई-रिक्षावाला हसत म्हणाला, "साहब, सोमवार है, आज तो सब बंद है." बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर चार-पाच वेळा दिल्ली झाली, कधी पाहुण्यांसोबत तर कधी एकटा. कुठे जायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण दिल्लीत यादीपेक्षा वारांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. क्रम चुकला तर तीन दिवसांतला एक दिवस नुसता वाया जातो.

आधी वार, मग ठिकाणं

सोमवारी लाल किल्ला, गांधी स्मृती, इंदिरा गांधी स्मारक, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आणि राष्ट्रीय संग्रहालय बंद असतात. लोटस टेंपल आणि अक्षरधामलाही सोमवारीच सुट्टी. उघडं राहतं ते राष्ट्रीय युद्ध स्मारक, इंडिया गेट, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि लोधी बाग. म्हणून छपराखालची, वस्तू आणि कागदपत्रं मांडलेली ठिकाणं शनिवार-रविवारी उरकायची आणि मोकळ्या आभाळाखालची सोमवारसाठी ठेवायची. पुढची सगळी आखणी याच एका नियमावर उभी आहे.

सुट्टी शुक्रवारी जोडून आली तर सोनंच. सोमवारची कटकट उरत नाही, शिवाय राजघाटावर दर शुक्रवारी प्रार्थना होते. गांधीजींची हत्या शुक्रवारी झाली, म्हणून शुक्रवार. फक्त दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

आता कोणती सुट्टी घ्यावी? माझं मत थोडं उलटं वाटेल. स्मारकं पाहायची असतील तर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास दिल्लीला जाऊच नका. जानेवारीत संचलनाच्या सरावासाठी कर्तव्यपथ आणि त्याला लागून असलेले रस्ते वेळोवेळी बंद होतात, २३ जानेवारीला रंगीत तालीम असते आणि संचलनाचा मार्ग विजय चौकातून इंडिया गेटवरून थेट लाल किल्ल्याकडे जातो. म्हणजे तुम्हाला पाहायची असलेली निम्मी ठिकाणं बंदोबस्तात अडकलेली. ऑगस्टात पंतप्रधानांच्या भाषणाच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीचे बरेच दिवस बंद ठेवतात. संचलनच पाहायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' या संकेतस्थळावर निघतात आणि पटापट संपतात. अशा वेळी ती सहल संचलनाची समजा, स्मारकं पुढच्या खेपेला.

२ ऑक्टोबर मात्र मला आवडतो. हवा बरी झालेली असते. सकाळी राजघाटावर मोठ्या लोकांची वर्दळ असते, तेवढी सकाळ सोडून दुसऱ्या वेळी तिकडे जायचं. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला अलीपूर रोडला गर्दी होणार हे मराठी माणसाला सांगायला नको.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत धुकं असतं. गाड्या तासन् तास रखडतात आणि विमानंही उशिरा सुटतात. त्या दिवसांत गेलात तर परतीच्या दिवशी कोणतंही तिकीट काढून ठेवलेलं ठिकाण पाहायचा हट्ट धरू नका. नोव्हेंबरात धूर आणि धुळीने घसा धरतो, दम्याचा त्रास असलेल्यांनी तो महिना टाळलेलाच बरा.

निघण्यापूर्वी

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. जोडून सुट्टी असली की पहिल्याच सकाळी तिकिटं उडतात, तेव्हा कॅलेंडर पाहून गजर लावा. मुंबईहून दोन सोयीच्या राजधानी आहेत. मुंबई सेंट्रलची सुरतमार्गे नवी दिल्लीला जाते, तर सीएसएमटीची नाशिक-जळगाववरून हजरत निजामुद्दीनला. दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवतात. निजामुद्दीन हे स्टेशन परतीच्या दिवशी फार कामाला येतं, त्याबद्दल शेवटी.

राष्ट्रपती भवन आतून पाहायचं असेल तर ऑनलाइन नोंदणी घरूनच करा, ऐनवेळी दारात काही होत नाही. शनिवारी सकाळी तिथे गार्ड बदलण्याचा सोहळा होतो, त्याचीही नोंदणी ऑनलाइनच. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून नोंदणी करतानाच ती नीट वाचून घ्या. घरातल्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधला फोटो पुरेलच असं नाही.

पुरातत्त्व खात्याची तिकिटंही ऑनलाइन काढा. कुतुबमिनार आणि हुमायूनच्या मकबऱ्याला भारतीयांसाठी रोखीत ४० आणि ऑनलाइन ३५ रुपये पडतात, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पाच रुपयांपेक्षा रांग वाचते हा खरा फायदा.

राहायला जागा निवडताना स्मारकाजवळची शोधू नका, मेट्रोजवळची शोधा. पिवळ्या किंवा जांभळ्या मार्गाला धरून राहिलात की पुढचं जवळजवळ सगळं जमतं. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला मेट्रोचं भाडंही जरा कमी असतं. पाठीवरची सॅक लहान ठेवा. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर आणि जवळजवळ प्रत्येक स्मारकावर सामान तपासतात. लायटर, चाकू, तंबाखूची पुडी असलं काही निघालं की तिथेच अडकायला होतं.

एक सावधगिरी. नवी दिल्ली स्टेशनबाहेर कुणी सभ्य चेहऱ्याचा माणूस "तुमची गाडी रद्द झाली, तुमचं हॉटेल बंद आहे, चला टुरिस्ट ऑफिसमध्ये" असं म्हणाला, तर मागे वळूनही पाहू नका. तसंच "दहा रुपयांत सगळी दिल्ली दाखवतो" म्हणणारी रिक्षा तुम्हाला शालींच्या दुकानात नेऊन सोडते.

पहिला दिवस, शनिवार: दोन घरं, एक बंगला आणि संध्याकाळी युद्ध स्मारक

गार्ड बदल पाहणार असाल तर तिथून सुरुवात करा. नसाल तर पिवळ्या मार्गावर लोक कल्याण मार्ग स्टेशनला उतरून रिक्षाने तीस जानेवारी मार्गावर या, गांधी स्मृतीला. हे बिर्ला हाउस. गांधीजी शेवटचे १४४ दिवस इथे राहिले आणि ३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी इथल्याच हिरवळीवर पडले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवली आहेत. आधी खोली पाहा, मग पावलांच्या बाजूने चालत जा. तरुण मुलं इथे सेल्फी काढत पळतात, मला त्यांचा राग येतो, पण ती पावलं मोजत जाणारी लहान मुलंही मी इथेच पाहिली आहेत. किमान एक तास द्या.

तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर १, सफदरजंग रोड. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी ज्या पायवाटेवर पडल्या तिच्यावर आता स्फटिकाचं आवरण आहे. त्या दिवशी नेसलेली साडीही आत ठेवली आहे. मुलं फार लहान असतील तर ती खोली वगळा. इथे रांग सतत पुढे सरकत राहते, थांबू देत नाहीत, त्यामुळे पाऊण तासात होतं.

पुढे तीन मूर्ती. चौकातले तीन पुतळे हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाचे आहेत, पहिल्या महायुद्धात हैफाकडे, म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये लढलेल्या. या चौकाला आता तीन मूर्ती हैफा चौक म्हणतात. लोक गाडीतून नुसते वळसा घालून जातात, तुम्ही दोन मिनिटं उतरा. आतलं प्रधानमंत्री संग्रहालय १४ एप्रिल २०२२ ला खुलं झालं. नेहरूंचं निवासस्थान आणि त्यामागची नवी इमारत मिळून ते इतकं पसरलं आहे की सगळं पाहायचं म्हटलं तर दिवस जाईल. मी पाहुण्यांना सांगतो, ज्या दोन पंतप्रधानांबद्दल घरी भांडणं होतात त्यांची दालनं पाहा आणि बाहेर पडा. दीड तास बास.

आता दुपार. जेवून थोडी विश्रांती घ्या, कारण दिवसाचा गाभा पुढे आहे.

चारच्या सुमारास राष्ट्रीय युद्ध स्मारकाला पोहोचा. प्रवेश फुकट. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते राष्ट्राला अर्पण झालं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या शहीदांचं असं एकत्र स्मारक व्हायला सात दशकं लागली. रचना एकात एक अशा चार वर्तुळांची: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. बहुतेक लोक सरळ मधल्या स्तंभाकडे आणि ज्योतीकडे धावतात, फोटो काढतात आणि निघतात. उलट करा. सर्वांत बाहेरच्या रक्षक चक्रातून, म्हणजे झाडांच्या रांगांतून, सावकाश आत या. मग त्याग चक्र लागतं. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर रचलेल्या भिंती आणि त्यांवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव. पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. तुमच्या गावातला, नात्यातला कुणी असेल तर पूर्ण नाव, पलटण आणि वर्ष घरूनच लिहून न्या. तेवढं हाताशी असलं की तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून वीट शोधता येते. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर शिंदे, पाटील आणि जाधवांच्या गर्दीत हरवाल. माझ्यासोबत आलेल्या एका काकांनी त्यांच्या वर्गमित्राचं नाव शोधायला पाऊण तास घालवला आणि सापडल्यावर खिशातला रुमाल काढून ती वीट पुसली. ती स्वच्छच होती.

वीरता चक्रात काशाची सहा भित्तिचित्रं आहेत. अगदी आत अमर चक्रातली ज्योत. इंडिया गेटखाली १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योत २१ जानेवारी २०२२ ला हिच्यात विलीन केली. त्यामुळे "ज्योत कुठे गेली?" असं इंडिया गेटपाशी विचारणारे अजून भेटतात. संध्याकाळच्या कार्यक्रमात एखाद्या शहीदाच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. त्या वेळी गप्पा आणि फोन बंद ठेवा, एवढं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळवलेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. मुलांना हा भाग फार आवडतो. त्यांना हेही सांगा की ते पदक रेखाटलं सावित्री खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरात आलेल्या.

अंधार पडता पडता इंडिया गेट. ४२ मीटर उंच, ब्रिटिश वास्तुकार लुटियन्सने आखलेलं, १९२१ मध्ये पायाभरणी आणि १९३१ मध्ये उद्घाटन. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी ते उभं केलं. वर मेसोपोटेमिया हे नाव कोरलेलं दिसलं की मराठा पलटणी आठवतात, साताऱ्याकडची किती घरं त्या वाळवंटाने रिकामी केली ते आठवतं. कमानीच्या अगदी जवळ जाऊ देत नाहीत, तेव्हा भिंतीवरची नावं वाचायची असतील तर दुर्बीण किंवा चांगल्या झूमचा कॅमेरा हवा. पलीकडच्या छत्रीत ८ सप्टेंबर २०२२ पासून नेताजींचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आहे. पूर्वी तिथे पंचम जॉर्ज उभा होता. तो कुठे गेला ते उद्या.

महाराष्ट्र सदन याच भागात कस्तुरबा गांधी मार्गावर आहे, इंडिया गेटपासून चालत जाता येतं.

दुसरा दिवस, रविवार: यमुनाकाठ, किल्ला आणि अलीपूर रोड

सकाळी लवकर राजघाट. जांभळ्या मार्गावर दिल्ली गेटला उतरून रिक्षा करा, रस्त्याने चालत जाण्यात काही मजा नाही. ३१ जानेवारी १९४८ ला इथे अंत्यसंस्कार झाले. काळ्या दगडाचा चौथरा आणि 'हे राम' हे दोन शब्द. चपला बाहेर काढाव्या लागतात, उन्हाळ्यात फरशी पोळते म्हणूनही सकाळच बरी. शेजारच्या हिरवळींत एकामागून एक समाध्या आहेत: शांतिवन, शक्तिस्थळ, वीरभूमी, विजय घाट, किसान घाट, सदैव अटल. सगळ्या पायी करायच्या म्हटलं तर पाय मोडतील. मी दोनच सुचवेन. शक्तिस्थळावरची, म्हणजे इंदिरा गांधींच्या समाधीवरची प्रचंड अखंड शिळा आणि विजय घाट, जिथे शास्त्रीजींची 'जय जवान जय किसान' ही घोषणा कोरली आहे.

किल्ला उघडायच्या सुमाराला लाल किल्ल्यावर या. दिल्ली गेटपासून मेट्रोने दोनच स्टेशनं. शाहजहानने १६३८ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला लोक राजवाडा म्हणून पाहतात. मी तो स्मारक म्हणून पाहायला सांगतो, आणि त्यासाठी तीन जागी थांबायचं.

पहिली दिवाण-ए-खास. इथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवलं, कारण फौजेचा पगार थकला होता. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. दिल्लीकर गाइड ही गोष्ट मराठी लोकांसमोर कधी चोरून तर कधी टोमणा मारत सांगतात. वर मान करून रंगवलेलं छत पाहताना आपल्याला अभिमान वाटावा की चुटपुट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. याच दालनात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला.

दुसरी जागा म्हणजे ब्रिटिशांच्या बराकींतली संग्रहालयं, जानेवारी २०१९ मध्ये उघडलेली. त्यात नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं दालन चुकवू नका. शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांच्यावरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात उभा राहिला. तिसरी जागा ध्वजाची तटबंदी. नेहरूंनी इथे पहिल्यांदा तिरंगा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ला नव्हे. मुलांना हा प्रश्न विचारून बघा, मोठेही चुकतात.

जेवण चांदणी चौकात. तिथे काय खावं हे सांगणारे शंभर जण आहेत, मी वाढवत नाही.

दुपारी लाल किला स्टेशनवरून कश्मीरी गेट, तिथे गाडी बदलून पुढचंच सिव्हिल लाइन्स. २६, अलीपूर रोड. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेब इथे राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथेच त्यांचं निर्वाण झालं. आपल्याकडे चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण अखेरचा श्वास जिथे घेतला ती जागा दिल्लीला जाणाऱ्या किती मराठी माणसांनी पाहिली आहे? १३ एप्रिल २०१८ ला खुल्या झालेल्या या इमारतीचा आकार उघड्या पुस्तकाचा, म्हणजे संविधानाचा आहे. बहुतेकदा निवांत असतं. दोन तास हाताशी ठेवा आणि संध्याकाळी बंद व्हायच्या तोंडावर जाऊ नका, आतलं वाचण्यासारखं खूप आहे.

अजून उजेड आणि अंगात जीव असेल तर जवळच्या रिजवर, म्हणजे झाडीच्या टेकाडावर चक्कर मारा. तिथे १८६३ मध्ये ब्रिटिशांनी १८५७ च्या आपल्या सैनिकांसाठी उभारलेला लाल दगडाचा मनोरा आहे. त्यावर भारतीय बंडकऱ्यांना 'शत्रू' म्हटलं होतं. १९७२ मध्ये शेजारी नवा फलक लावून लिहिलं गेलं की ते शत्रू स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते. जुना लेख खोडला नाही, त्याला उत्तर दिलं. सगळ्या दिल्लीत मला हा फलक सर्वांत जास्त आवडतो. झाडी दाट आहे आणि माकडं धीट, म्हणून अंधार पडायच्या आत उतरा.

आणि पंचम जॉर्ज? तो आणखी उत्तरेला कॉरोनेशन पार्कात उभा आहे. १२ डिसेंबर १९११ च्या ज्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली, त्याच मैदानावर. गाडी ठरवलेली असेल तरच जा, मुद्दाम दोन तास खर्च करण्याइतकं ते नाही.

तिसरा दिवस, सोमवार: आभाळाखाली

हॉटेल सोडा, सामान बरोबर घ्या आणि पहिलं काम म्हणून निजामुद्दीन स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. गाडी नवी दिल्लीहून असेल तर तिथल्या. मग कुतुबमिनार. पिवळ्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे, बाहेरून रिक्षा. ७२.५ मीटरचा मिनार आणि सोळाशे वर्षं न गंजलेला लोहस्तंभ यांबद्दल शाळेपासून ऐकलेलं असतं, दीड तासात बाहेर पडा. वर चढू देत नाहीत, १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंदच आहे.

उरलेला वेळ हुमायूनच्या मकबऱ्याला. सोमवारचं कोवळं ऊन तिथे पडलेलं पाहिलं की कालची धावपळ विसरते, धुकं असेल तर मात्र दुपारीच जा. सप्टेंबर १८५७ मध्ये बहादूरशहा इथेच लपला आणि पकडला गेला. म्हणजे रविवारी लाल किल्ल्यात पाहिलेल्या खटल्याची सुरुवात या चौथऱ्यावर आहे. मुख्य घुमटाखाली जाऊन लगेच फिरू नका, बाजूच्या खोल्यांतही थडगी आहेत, मुघल घराण्यातली कितीतरी माणसं इथे झोपली आहेत. बागेत बसायला सावली भरपूर आहे. आई-वडील सोबत असतील तर त्यांना तिथे बसवून बाकीच्यांनी दारालगतची ईसा खानची कबर पाहून यावं. ती मकबऱ्यापेक्षा जुनी आहे.

गाडीच्या वेळेआधी तासभर उठा. मकबऱ्यापासून निजामुद्दीन स्टेशन रिक्षाने जवळ आहे, पण सुट्टीच्या संध्याकाळी मथुरा रोड तुंबतो. आणि क्लोकरूमसाठी बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर सामान घेत नाहीत. छोटी दोन कुलुपं घरूनच न्या, स्टेशनबाहेर ती तिप्पट भावाने मिळतात.